पैलवानाला मी चारलेले घास

"हिप डिस्प्लेसिया," एक्स-रे उजेडासमोर धरत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत नीट बसत नाही. त्यात वयामुळे ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज. पैलवान, आमचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर, माझ्या पायाला टेकून बसला होता. महिनाभर उठताना त्याचे मागचे पाय घसरत होते आणि मी "वय झालं" म्हणत होतो.

"काका, गोळ्या देते. पण खरं औषध एकच. बेचाळीस किलोचा छत्तीस करायचा."

सावेडीच्या घरात मुलगा संदीप, सून स्वाती आणि मी. स्वातीने त्याच दिवशी गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरल्या. त्याचं खाणं वाटीने मोजून द्यायला लागली.

तीन आठवड्यांनी वजन केलं. बेचाळीस. आणखी तीन आठवड्यांनी, बेचाळीस आणि वर दोनशे ग्रॅम.

संदीप तिच्यावर चिडला. "तुझं मापच चुकतंय." ती दुसऱ्या दिवसापासून वाटी सोडून वजनकाटा वापरू लागली. मी समोर पेपर वाचत बसलो होतो.

आता खरं लिहितो. माझा जन्म सोनईला शेतीत गेला. जनावराची बरगडी दिसली की गाव मालकाला नावं ठेवतं. पत्नी गेल्यापासून मी मागच्या ओट्यावर एकटाच जेवतो, आणि पैलवानाला घास दिल्याशिवाय मला जेवण जात नाही. एक घास म्हणता म्हणता तूप लावलेली दीड पोळी व्हायची, सकाळी दूधभाकरी वेगळीच.

"वरचं काही कुणी घालत नाही ना?" पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं.

"नाही मॅडम. अण्णा दिवसभर घरीच असतात, त्यांचं लक्ष असतं," स्वाती म्हणाली. मी मान हलवली.

मग थायरॉइडची टेस्ट. ही गळ्यातली ग्रंथी मंदावली तर कमी खाऊनही वजन वाढतं. पायाचे केस भादरून सुई टोचली. पैलवानाने तोंड माझ्या कुशीत खुपसलं. मी नुसता त्याचे कान कुरवाळत राहिलो.

दोन दिवसांनी रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाल्या, "मग गोळ्यांचा डोस वाढवते. किडनीवर ताण येईल, पण इलाज नाही."

"लिहू नका मॅडम. मीच चारतो त्याला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, रोज त्याच्या पाठीवर पोतं ठेवत होतात तुम्ही."

परतताना रिक्षात स्वाती म्हणाली, "मला वाटलं काटाच बिघडलाय. दोनदा सेल बदलले, अण्णा."

"संदीपला सांगू नकोस," मी म्हणालो. तिने चार महिने सांगितलं नाही. तेवढे चार महिने त्याच्या लेखी चूक तिचीच राहिली.

आज पैलवान सदतीस किलोचा आहे. सांधा नवा होत नाही, पण एका झटक्यात उठतो. जेवणानंतर घासाऐवजी मी त्याचे खुबे गरम फडक्याने शेकतो. तो तेवढ्यावरही खूश असतो, हे मला आधी माहीतच नव्हतं. तुमच्या घरी असं म्हातारं कुत्रं असेल तर डॉक्टरांपासून काही लपवू नका. तुमच्या लपवण्याची सुई त्याला टोचते.

काल हे सगळं संदीपला वाचायला दिलं. तो उठून स्वयंपाकघरात गेला. "तुला तेव्हा बोललो ते चुकलं," तो हळूच म्हणाला.

"मोठ्यानं बोला की," स्वाती म्हणाली. "अण्णांनाही ऐकू जाऊ द्या."