सवतीचं लुगडं

मला रनाळ्याला बिजवराला दिली. पहिली दुसऱ्या बाळंतपनात गेली होती. तिची एक पोर मागं राहिली, नुकतीच बोलायला लागलेली. ती कोनाच्याच हातचं खाईना. आजीनं तोंडात घास कोंबला की थुंकून टाके. पार काडी झाली होती पोर. गल्लीतल्या बाया मला ऐकू जाईल असं बोलत, "सावत्र उनी, आते पोर जगत नही."

त्याच दिवसांत आमच्या म्हशीचं पारडू मेलं. सासऱ्यानं कातड्यात भुसा भरून तिच्यापुढं ठेवलं. म्हैस त्याला चाटे अन् दूध देई. ते पाहून सासूनं पेटीतून सवतीचं लुगडं काढलं. ते धुतलेलं नव्हतं. तिच्या घामाचा, तेलाचा वास तसाच होता त्यात.

"नेस हाई," सासू बोलली. "म्हैसले भुसानं पारडू चालस. हाई त पोर शे."

जाऊ चुलीपासून हसली. "भुसा कमी पडना त सांग वं बयनी."

मी नेसले. पदर हनुवटीपर्यंत ओढून खाली बसले. पोर आली ती सरळ मांडीवर. निऱ्यांत नाक खुपसलं. मी घास दिला, तो घेतला तिनं. सासू दारातून पाहत होती, खूश झाली. मग पोरीनं पदराखाली हात घातला, माझा गाल चाचपला अन् थांबली. पदर वर केला.

रडली नाही. नुसती पाहत राहिली, घास तोंडात तसाच. त्या घरात तोवर सगळे माझे हात पाहत, घागर पाहत. तोंडाकडं कोनी पाहिलं नव्हतं. पहिलं तिनं पाहिलं, अन् मी अशी सवतीच्या लुगड्यात सापडले. भर बाजारात कोनी लुगडं फेडावं तसं झालं मला.

मी उठले. गोठ्यात जाऊन माझं फाटकं नेसले. सासू शिव्या देत होती, देऊ दिल्या. परत येऊन उघड्या तोंडानं बसले.

"मी तुन्ही माय नही," मी म्हटलं.

"तू कोन शेस?"

त्या घरात मला नावानं कोनी हाक मारत नव्हतं. सगळे 'नवी' म्हनत. मी म्हटलं, "नवी." आज ती स्वतः आजी झाली, तरी मला नवीच म्हनते.

त्या दिवशी तिनं भाकर घेतली, पन माझ्याकडं पाठ करून बसली. तिचं तोंड दिसत नव्हतं ते बरंच होतं. मी मान खाली घालून मागूनच एकेक घास पुढं करत राहिले.