गरम गाडीची किक

माझी मोठी बहीण बीरगावात खाटेवर पडून आहे. कंबरेचं हाड मोडलं, ते जुळलं, पण ती उठली नाही. तिचा मुलगा आणि सून दोघंही कारखान्यात जातात. सकाळ-संध्याकाळ ते तिचं बघतात. मधली दुपार कोणाचीच नाही. त्या दुपारी तिला कुशीवर वळवायला, अंग पुसायला आणि चार घास भरवायला मी जाते. उन्हाळ्यात एका अंगावर पडून राहिलं तर पाठ सोलवटते. एकदा सोलवटली होती. ती जखम मी धुतली आहे, त्यामुळे आज ऊन फार आहे, उद्या जाऊ, असं मला म्हणता येत नाही.

आम्ही राहतो रायपूरच्या दुसऱ्या टोकाला, पुरानी बस्तीत. ऑटोने जायचं तर दोनदा बदलावा लागतो आणि शेवटी चौकातून पायी. एक दिवस तसं करून पाहिलं. पोचले तेव्हा मलाच कोणीतरी खाटेवर टाकायची वेळ आली होती. म्हणून नवऱ्याची मोटरसायकल. गाडी म्हातारी, चालवणाराही म्हातारा. कागदावर मी त्याला 'तो' लिहिते, तोंडावर 'तुम्ही'च म्हणते. गाडीचं बटण, ज्याला सेल्फ म्हणतात, ते कधीचं बिघडलेलं. ते दुरुस्त करा म्हटलं की तो म्हणे, "सेल्फ पोट्ट्यायच्या गाडीले लागते. मले पाय आहे न."

उन्हाबद्दल त्याचं मत एकच होतं. शर्टाची वरची बटणं उघडायची आणि गाडी जोरात हाणायची.

"हवा लागून राहिली न छातीले. मंग कायचं ऊन?"

"ती हवा नाही," मी मागून ओरडायचे. "भट्टीचं दार उघडलं की तोंडावर येते ते आहे."

त्याच्या कानावर हेल्मेट. ऐकू येत नाही म्हणायची सोय.

मी चौथीपर्यंत शिकले आहे. पुढे जन्मभर पायमशीनवर ब्लाउज शिवले. शाळेत हवेचं काय शिकवतात ते मला ठाऊक नाही, पण चटका बसतो की गार लागतं एवढं कातडीला कळतं. मे महिन्यात उघड्या हाताला वारा लागला की हात भाजतो. तोच हात ओल्या कापडात गुंडाळला की त्याच वाऱ्याने गार पडतो. माठावर ओलं फडकं आपण उगीच गुंडाळत नाही. म्हणून मी त्याच्यासाठी बंडी शिवायला घेतली. बाहेरून सुती अस्तराचं कापड, आत जुना टॉवेल, कारण टॉवेल पाणी धरून ठेवतो. अस्तर उरलेलं होतं ते राणी रंगाचं. दुसरं घरात नव्हतं.

"हे घालून मी सदर बाजारातून जाऊ?"

"शर्टावरून घाला आणि जा. तुमच्याकडे कोण पाहते या वयात?"

पाहिलं. सदर बाजारात गाड्या अडकून उभ्या होत्या, तेव्हा एका कपड्याच्या दुकानदाराने गादीवरूनच विचारलं, "दादा, नया फैशन निकला क्या?" म्हाताऱ्याने मान वळवली नाही. आजूबाजूच्या लोकांनी गाड्या बंद केल्या होत्या, आमचीच चालू होती आणि माझ्या पोटऱ्या भाजत होत्या. बंद करा म्हटलं, तर म्हणाला, "आता निघतेच." खूप वेळ निघाली नाही, तरी त्याने ती बंद केली नाही. मला राग आला, पण त्याचा अर्थ लागला नाही.

बंडीने काम केलं, पण अर्धंच. घरून चिंब निघायची, अर्ध्या वाटेवरची भनपुरी येईपर्यंत पापडासारखी वाळायची. पुढचा रस्ता ट्रकांचा, धुराचा, सावली नाही. म्हणजे मध्ये थांबून ती पुन्हा ओली करायला हवी. तिथे रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली एक बाई पाण्याचे माठ मांडून बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजते. रोज मी म्हणायचे, थांबवा. रोज तो पुढे काढायचा. माठ मागे जाताना मी मान वळवून पाहत राहायचे. घशाला कोरड, आणि समोर त्याची वाळत चाललेली पाठ. मागे बसलेल्या माणसाच्या हातात काही नसतं. मी एकदा बाटलीचं पाणी चालत्या गाडीवर त्याच्या मानेत ओतलं. त्याने ब्रेक दाबला. मागच्या ट्रकवाल्याने आम्हा दोघांना आईवरून शिव्या दिल्या. चूक माझी होती.

त्याच आठवड्यात आम्ही घरी परतलो आणि गाडीवरून उतरताच तो उंबऱ्यावर बसला. डोळे लाल, अंग तापलेलं, घाम मात्र नाही. मग ओकला. आमचा मुलगा घरात होता. त्याला मराठी सगळी कळते, पण बोलतो हिंदीत. त्याने बापाला पंख्याखाली निजवलं, काखेत ओली फडकी ठेवली आणि घोट घोट पाणी पाजलं. ते सगळं नीट केलं. मग म्हणाला, "बाबा, एक बार और ऐसा हुआ तो चाबी मैं रखूँगा. मौसी का कुछ और देखेंगे."

"काय पाहशील?" मी विचारलं.

"देखेंगे, आई."

म्हणजे काही नाही. रात्रभर मी कूस बदलत राहिले. दर वेळी वाटायचं, मी वळू शकते, तिला ते येत नाही.

दोन दिवस भाच्याच्या शेजारणीला हातापाया पडून दुपारी पाठवलं. तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो. निघण्याआधी मी सांगितलं, आज माठांपाशी थांबला नाहीत तर मी चालत्या गाडीवरून उतरीन. त्याला ठाऊक आहे, मी उतरले असते.

थांबला. पण गाडी चालूच ठेवली, क्लच दाबून, एक पाय जमिनीवर.

"बंद करा."

"तू पाणी घे न लवकर."

माठवाली बाई त्याच्याकडे पाहून छत्तीसगढीत म्हणाली, "बबा, इंजन बंद कर अउ बइठ."

"हव, हव," म्हणाला आणि तसाच उभा राहिला. मी खाली उतरले, हात पुढे घातला आणि चावी फिरवून काढून घेतली. इंजिन बंद पडलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याचं पागोटं उडवलं.

बसला मग. पाणी प्यायला. मी बंडी माठाच्या पाण्यात नाही, बाजूच्या बादलीत बुडवून पुन्हा त्याच्या अंगावर चढवली. हेल्मेटखालचा रुमाल ओला केला. त्याचं तोंड उतरलेलं होतं ते जरा माणसासारखं झालं. मग निघायची वेळ झाली. चावी लावली, किक मारली. गाडी फुसफुसली. दुसरी मारली. तिसऱ्याला पाय अर्ध्यातच थांबला आणि तो हँडल धरून वाकला.

"काय झालं?"

गुडघा चोळत म्हणाला, "थंडी गाडी एका किकमधी चालू होते. गरम झाली का मंग लय माराव्या लागते. गुडघा नाही ऐकत आता."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

म्हणून थांबत नव्हता. म्हणून सदर बाजारात माझ्या पोटऱ्या भाजल्या. उन्हात मरायला तयार, पण गुडघा गेला हे सांगायला तयार नाही.

"सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर पोराने चावी नेली असती. मंग तू काय पायी जाणार होती बहिणीकडे?"

मी लुगड्याचा काष्टा मारला आणि गाडीच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"तू?"

"माझा पाय चाळीस वर्षं मशीन चालवतो. तुम्ही फक्त गाडी धरा. सांगा कशी मारू."

"हळू दाब पहिले. जड लागलं का मंग जोरात. रेसचं तू नको पाहू, ते माझ्या हातात आहे."

पहिल्यांदा किक उलटली आणि नडगीवर बसली. मी त्याच्या आईचं नाव घेतलं. दुसऱ्यांदा काही नाही. नंतरच्या किकला गाडी धडधडली. माठवाली हसून लोटपोट झाली. मी मागे बसले, नडगी ठणकत होती, पण त्याची पाठ ओली होती.

तेव्हापासून रोज असंच. घरी मात्र आम्ही दोघं काही बोललो नाही. पण रायपुरात कोण कोणाचं लपवून ठेवतं? एक दिवस आम्ही परत आलो तर मुलगा दारात उभा.

"आई, लोग बोल रहे हैं आप भनपुरी में किक मार रही थीं."

"हो."

"बाबा क्यों नहीं मारते?"

म्हातारा चपला काढत बसला होता, त्या निघतच नव्हत्या. खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "त्यायचा गुडघा गेला."

मुलाने बापापुढे हात केला. "चाबी."

"माझ्याकडे नाही," म्हातारा म्हणाला. "तिले माग."

चावी माझ्या कंबरेच्या बटव्यात होती. माठांपाशी काढून घ्यायची, नंतर लावायची, घरी आल्यावर पुन्हा काढायची, अशी सवय लागली होती.

"उद्या दुपारी तू जाशील मावशीकडे?" मी विचारलं. "परवा?"

त्याचा हात तसाच पुढे होता.

"ते रोज थांबतात आता. पाणी पितात, अंग ओलं करतात. त्या दिवसासारखं पुन्हा झालेलं नाही. झालं तर मीच चावी आणून देईन. तोवर हात मागे घे."

त्याने घेतला. दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे नेली, सेल्फ बसवायला. मेकॅनिक म्हणाला, या गाडीचा पार्ट आता येत नाही. किक राहिली ती राहिली.

काल पोचायला उशीर झाला. बहीण भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आज उशीर काहून?"

"थांबलो होतो सावलीत."

"थांबा बापा तुम्ही. माझी बाजू आखडून राहिली इकडं."

तिला वळवलं. पाठ पाहिली, दाबून पाहिली. लाल होती, पण सोलवटलेली नव्हती. पुसून पावडर लावली. बाहेर म्हाताऱ्याने बंडी दोरीवर वाळत घातली होती, कशाला ते त्यालाच ठाऊक. मी ती ओढून बादलीत टाकली. अजून परत जायचं होतं.