मामांचा कांदळवनातला मासा

लातूर जिल्ह्यात समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही. समुद्राचं सोडा, त्या वर्षी निलंग्याजवळच्या आमच्या गावात विहिरीच्या तळातून वाटीनं पाणी खरवडावं लागे. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आई रोजगार हमीवर खडी फोडायची आणि तिच्या हातांच्या फोडांवर मी लातूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. जिल्हा नवा, पाट्या नव्या, साहेब नवे. जुना तो दुष्काळ तेवढा.

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. शिक्षण सातवी नापास, पण एका माशाच्या बाबतीत प्राध्यापकही त्यांच्यापुढे जपून बोलत. तरुणपणी कॉलेजच्या सहलीबरोबर जाळी-बरण्या उचलायला ते एकदाच कोकणात गेले, खाडीकाठच्या कांदळवनाच्या गुडघाभर चिखलात उभे राहिले, एक चप्पल तिथंच घालवली आणि एक मासा घेऊन आले. हिरवट, ठिपक्यांचा, जाड ओठांचा. इंग्रजीत त्या जातीला रॅस म्हणतात. मामा ‘आमचा’ म्हणत. पंधरा वर्षं तो औषधाच्या बरणीत मरून पडला होता, पण मामांच्या लेखी नुसता निजला होता. हा मासा रात्री वाळूत पुरून घेऊन झोपतो, हे सांगताना ते आवाजसुद्धा उतरवत. आम्ही पोरी टँकरपुढं घागरींसाठी भांडून यायचो, आणि मामा स्वतःच्या पिण्याच्या तांब्यातून बरणीची काच धूत असायचे. सर रागावले की मामा म्हणत, “त्याला भाईर दिसाया पायजे की. परमुलखात हाय त्यो.”

शेवटच्या वर्षी काकानं माझं लग्न काढलं. मुलगा नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई. काका वाईट माणूस नव्हता. पडत्या काळात नोकरीवालं स्थळ सोडायचं कसं, एवढंच त्याला कळत होतं. मी कात्री-चिमट्यांची पेटी मामांकडे परत केली आणि गावी आले. मामांनी तेव्हा काही विचारलं नाही. रविवारी मात्र एसटीतून उतरले ते पोटाशी धरलेली बरणी सांभाळत. कंडक्टरनं हे काय म्हणून विचारलं, तर “पाव्हणे हायत, कोकणातले,” असं सांगून आले होते.

काकाला जयभीम घालून त्यांनी बरणी मधोमध ठेवली. परीक्षेपुरतं तरी थांबा म्हणाले. काका म्हणाला, घरात बाप्या मी एकटा, ठरवायचं तेही मीच. मामा भांडले नाहीत. माशाकडे बघत बोलले, “पाव्हणं, हेंच्या कळपात नर एकच ऱ्हातो. त्यो मेला तर भाईरून कुणी येत न्हाई. थोरली मादी असती, तीच महिन्याभरात नर होती अन् कळप सांभाळती.”

काका हसला. “मासा हाय त्यो, मामा.”

आई दारात डोक्यावर पदर घेऊन बसली होती. दिरासमोर तिनं कधी तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, “भावजी, त्या माशाला महिना लागतो. मला तर दोन वर्सं झाली.”

काकानं चहा संपवला, कपातला गाळ बराच वेळ बघितला आणि मामांना विचारलं, लातूरची गाडी किती वाजता हाय. दुसऱ्या दिवशी माझी कपड्यांची ट्रंक त्यानंच स्टँडवर आणून दिली.

मी बी.एस्सी. झाले, घरातली पहिलीच. निकालाच्या दिवशी आई पहिल्यांदा कॉलेजात आली. तिनं पहिला पेढा बरणीपुढं ठेवला. मामा म्हणाले, “खाऱ्या पाण्यातला हाय, त्याला गोड चालायचं न्हाई,” आणि तो पेढा स्वतः खाल्ला.

पुढे मी शिक्षिका झाले. पोरींना घेऊन कोकणात गेले, तेव्हा कांदळवनात मामांच्यासारखीच गुडघाभर चिखलात उभी राहिले. मुळांतून काहीतरी हिरवट सरकलं. तोच असावा. पण खात्री कुणाकडून करून घेणार? मामांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. चप्पल मात्र मी काठावर काढून ठेवली होती.