पाइपाला बांधलेली वायर

आमचा दादा वायरमन आणि धाकटा प्लंबर. एका घरात वीज आणि पाणी दोन्ही, असं लोक कौतुकानं म्हणायचे. सहा वर्षं ते दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. कारण काय, तर दादाची शिडी धाकट्यानं न विचारता नेली आणि मोडून आणली. एका शिडीपायी! दोघांनाही धरून बदडावंसं वाटायचं मला.

दादा आपल्या कामात भलता कडक. गिऱ्हाइकाला आधी तासभर ऐकवायचा, "हा विजेवरचा शॉवर म्हणजे गीझर नव्हे. यात पाणी साठत नाही, वाहता वाहता तापतं. त्यासाठी हा अख्ख्या घराएवढी वीज खेचतो. वायर जाड पाहिजे, एमसीबी वेगळा पाहिजे, नीट अर्थिंग पाहिजे, आणि वीज गळली की क्षणात तोडणारा स्विच पाहिजे. यातलं एक जरी नसेल तर बादलीनं आंघोळ करा, मी चाललो." आणि खरंच पिशवी उचलायचा.

आईला बादली उचलवेना, म्हणून त्यानं तिच्याकडेही शॉवर बसवला. जाड वायर, वेगळा एमसीबी. अर्थिंग मात्र जमिनीत गेलेल्या जुन्या लोखंडी पाइपाला बांधलं. "तात्पुरतं आहे गं. तो स्विचही पुढच्या खेपेला लावतो." लोका सांगे ब्रह्मज्ञान! ती पुढची खेप चार वर्षं आली नाही.

मग पाइप गंजला. धाकट्यानं प्लास्टिकचा बसवला. काम सुबक, थेंब गळेल तर शपथ. जुन्या पाइपाला बांधलेली हिरवी वायर त्याच्या हातात आली, ती कशाची हेही त्याला कळलं. दादाला एक फोन करायचा होता फक्त. त्यानं टोकाला टेप गुंडाळली आणि वायर पाइपामागे सारून दिली.

तीन महिन्यांनी शॉवरमधल्या कॉइलला चीर गेली आणि ती वाढत गेली. वीज पाण्यात उतरली, आणि जमिनीत जायची तिची वाट तर तोडलेली. आईनं नळ बंद करायला हात लावला. तिथेच गेली ती.

बाथरूममध्ये दादानं पाइपामागची ती वायर ओढून टोकाची टेप सोडली. मला म्हणाला, "विचार त्याला, एक फोन का नाही केला." दारात उभा असलेला धाकटाही मलाच म्हणाला, "त्याला विचार, स्विच कुठाय."

नंतर दोघं वेगवेगळे माझ्याकडे आले. प्रश्न एकच. "आई आधी काही बोलली होती का गं?"

दोघांनाही मी नाही म्हणून सांगितलं.

बोलली होती. चारच दिवस आधी, फोनवर. "नळाला हात लावला की मुंग्या येतात गं. पण या दोघांना सांगू नकोस, उगाच एकमेकांवर घसरतील."

मी म्हटलं, "बरं. रबरी चपला घालून आंघोळ कर."