मामांची फेरमोजणी

सत्यनारायणाच्या पूजेत भटजींना मध्येच थांबवून, "तेहतीस कोटी देव मोजले कुणी? अन् दुबार नावं काढली होती का?" असं विचारणारा माणूस अख्ख्या भूतलावर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. मामांचा देवावर पूर्ण विश्वास आहे. देवांच्या आकड्यावर नाही. दुसऱ्या कुणीही मोजलेली कुठलीही गोष्ट त्यांच्या लेखी नुसता अंदाज असतो. नांदेडला आमचं लग्न लागलं तेव्हा सप्तपदी आटोपून सगळी मंडळी पानाकडे धावत असताना मामांनी हात वर केला. म्हणाले, "सहाच झाली." भटजी म्हणाले सात, वऱ्हाडी म्हणाले सात. मामा म्हणाले, "मी कोपऱ्यात उभा राहून मोजून राहिलो होतो." शेवटी आम्ही दोघं पुन्हा पहिल्यापासून चाललो, मामा मोठ्यानं आकडे म्हणत होते, आणि तिकडं जिलेबी थंड होत होती. थोडक्यात, आमचं लग्न फेरमोजणीनंतर जाहीर झालेलं आहे. भांडण झालं की बायको अजूनही म्हणते, पहिलाच निकाल मान्य केला असता तर बरं झालं असतं.

मामा हदगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. निवडणुकीची ड्यूटी आली की बाकीच्या मास्तरांना कंबरदुखी सुरू व्हायची. मामांना मात्र नवरदेवासारखं तेज चढायचं. स्वतःची ड्यूटी करून ते दुसऱ्याची मागून घेत. लाख, सुतळी, मेणबत्ती आणि एक फाटकी नियमपुस्तिका त्यांच्या पिशवीत बारा महिने असायची. तिरुपतीलासुद्धा ती पिशवी जाऊन आली आहे. एकदा लातूरच्या एसटीत कंडक्टरनं घंटी मारल्यावर त्यांनी उठून प्रवासी मोजले आणि एक जास्त भरला. गाडी थांबली, कंडक्टर पुन्हा मोजू लागला, प्रवासी चिडले. बऱ्याच वेळानं कळलं, की जास्तीचा प्रवासी म्हणजे मामा स्वतःच. त्यांनी स्वतःला एकदा बसलेलं आणि एकदा उभं असलेलं धरलं होतं. एवढं होऊनही उतरताना कंडक्टरला म्हणाले कसे, "बघा, तपासलं म्हणून सापडलं न्हाई का?"

निवृत्त झाल्यावर ते लातुरात, रेणापूर नाक्याजवळच्या आमच्या कॉलनीत राहायला आले. त्याच सुमाराला सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली आणि मोजणीवरून गोंधळ उडाला. हरलेला म्हणे मी जिंकलो, जिंकलेला म्हणे हा खोटं बोलतो, आणि लोक रस्त्यावर. मामा टीव्हीपुढून हलेनात. मामी ताट घेऊन उभ्या राहायच्या आणि मामा पडद्याला बोट लावून म्हणायचे, "अगं, यांच्या केंद्राध्यक्षांना ट्रेनिंगच न्हाई! एवढा मोठा देश, अन् साधा गठ्ठा बांधता येईना. मला बोलवा म्हणावं, दोन दिवसांत निकाल देतो." त्या देशानं काही बोलावलं नाही. पण आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं बोलावलं.

मंडळाच्या अध्यक्षपदाला उमेदवार दोन. एक निलंग्याहून निवृत्त होऊन आलेल्या हेडबाई, दुसरे घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेले चाचा. दोघंही भली माणसं. आजवर अध्यक्ष हात वर करून निवडला जायचा आणि नंतर भजी खाल्ली जायची. मामांनी ही पद्धत रानटी ठरवली. कॉलनीतल्या झाडून सगळ्यांनी एकमुखानं त्यांनाच निवडणूक अधिकारी केलं, कारण ज्या माणसाचा कुणाच्याच मोजणीवर भरोसा नाही, त्याच्या मोजणीवर सगळ्यांचा भरोसा होता. मामांनी टीव्हीच्या खोक्याचा मतदान कक्ष केला, तेलाच्या डब्याला लाख लावून मतपेटी केली, बोटाला शाई लावली. सरकारी फुलीचा शिक्का काही मिळेना, म्हणून खोकल्याच्या औषधाचं गोल टोपण शाईत बुडवून त्याचा शिक्का केला. मतपत्रिकेवर वर बाईंचं नाव, खाली चाचांचं. प्रत्येकाला ते स्वतः बजावत होते, "शिक्का मारा, अन् मधोमध घडी घाला. गुप्तता म्हणजे गुप्तता!"

मोजणीला वाचनालयात सगळी कॉलनी लोटली. एकूण मतं एकसष्ट. बाईंना चोवीस, चाचांना चोवीस, आणि तेरा मतपत्रिकांवर दोन्ही नावांसमोर गोल! गडद तो खरा धरायचं ठरलं, पण कोणता गडद अन् कोणता फिकट? आणि जमलेल्यांपैकी निम्म्यांना मोतीबिंदू. पहिल्या मोजणीत बाई एका मतानं पुढे, दुसऱ्या मोजणीत चाचा तीन मतांनी. मामांना घाम फुटला. तेव्हा बिचाऱ्या चाचांनी भलेपणानं खिशातून घड्याळजीचं भिंग काढलं, डोळ्याला लावून तेराही कागद पाहिले, आणि काही न बोलता भिंग मामांच्या हातात दिलं. तिसऱ्या मोजणीत चाचा एका मतानं पुढे निघाले. झालं! निवृत्त पोस्टमास्तर उभे राहिले. "भिंग कुणाचं? उमेदवाराचं! कागद हाताळले कुणी? उमेदवारानं!"

मग जो संशयाचा बाजार भरला, त्याला तोड नाही. मामा लघवीला गेले तेव्हा डबा बदलला, असं कुणी म्हणालं. डबा बदलला नाही, मामाच बदलले, असं दुसरं कुणी म्हणालं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सुप्रभात'चे दोन ग्रुप झाले. सकाळी बाईंचा गट मैदानाला उजवीकडून फेऱ्या मारायचा आणि चाचांचा डावीकडून, म्हणजे दर फेरीत दोनदा समोरासमोर येऊन तोंडं फिरवायची. हळूहळू चाचांच्या गटातलेही कुजबुजू लागले, की भिंग काढायची काय गरज होती? चाचांनी फिरायला येणंच बंद केलं. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं सांभाळलेला माणूस, एका मंडळाच्या खुर्चीसाठी लबाड ठरला. मला मनापासून वाईट वाटलं.

एका दुपारी मी मामांकडे गेलो तर सतरंजीवर कागदच कागद. मामा टोपण बुडवत होते, शिक्का मारत होते, घडी घालत होते, उघडत होते. प्रत्येक कागदावर दोन गोल. "सरकारी फुली मुद्दाम एका अंगाला वळलेल्या टोकांची असते रे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "शाई ओली असताना घडीत उमटली तर उलटी दिसते, मग खरी कोणती ते कळतं. गोल कसा बी उलटा केला तरी गोलच. चाळीस वर्षं पोरांना अन् मास्तरांना शिकवलं, अन् म्याच इसरलो." मी म्हणालो, जाऊ द्या मामा, कुणाला कळणार आहे? मामा म्हणाले, "चाचा घरात बसून राहिला ना."

रविवारी त्यांनी सभा बोलावली. चाचा आले नाहीत. मामा उभे राहिले आणि कागद दाखवून म्हणाले, "टोपण आणलं म्या, घडी सांगितली म्या. चूक माझी हाय. चाचांचा यात काडीचा संबंध न्हाई." मला वाटलं, आता मिटलं. तेवढ्यात पोस्टमास्तर उठले. "गुरुजी, खरं सांगा, तुमच्यावर दबाव कुणाचा हाय?" मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजींची चूक? आजवर झाली न्हाई, अन् आत्ताच बरी झाली?" कागद आधीच तयार करून आणलेत, असंही निघालं. शेवटी मामांच्या कबुलीची चौकशी करायला समिती नेमावी, असा ठराव झाला. मामा पिशवी उचलून बाहेर पडले. एवढ्या वर्षांत कुणाचंच खरं न मानणारा हा माणूस खरं बोलायला उभा राहिला, आणि त्याचंच कुणी खरं मानेना. हसावं की रडावं, मला कळेना.

"चाचांच्या दुकानावर सोड," ते माझ्या स्कूटरवर बसत म्हणाले.

चाचा एका घड्याळात डोकं घालून बसले होते. "बैठो गुरुजी, चाय सांगतो," म्हणाले. मामांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चाचांनी भिंग काढून ठेवलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ते हळूच म्हणाले. "शिक्का मारला तिथं टोपणाची कड कागदात रुतते. घडीनं उमटलं तिथं नुसती शाई, कागद सपाट. तेराच्या तेरा साफ दिसले."

"मग बोलला का न्हाई?"

"मी उमेदवार, माझं कोण ऐकणार? अन् ऐकलं असतं, तर तुमच्यावरचा लोकांचा भरोसा गेला असता. माझं काय, माझी घड्याळं हायत. तुमच्याजवळ तेवढाच होता ना, गुरुजी."

मामा स्टूल ओढून बसले. मला राहवलं नाही. "पण चाचा, मग निवडून कोण आलं?"

चाचा मामांकडे बघत म्हणाले, "गुरुजींनी विचारलं तर सांगतो."

चहा आला. मामांनी कप हातात धरला, ओठापर्यंत नेला, परत खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. विचारतील, आता विचारतील, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"चाचा," मामा म्हणाले, "उद्या सकाळी फिरायला या. म्या तुमच्या दाराशी येऊन थांबतो."