चंदाचं नाव तीनदा

"नाय म्हंजे नाय, आये! चंदीच्या पार्लरात येऊन मी चंदीचाच नाव गाणार नाय. शेजारच्या सावळीला ने."

"सावळीला? तिचा गळा हाय का फुटका मडका?"

"मग एकटी गा."

"एकटीनं धवळा होतो का गो कधी? काय पण बोलते!"

सापगावच्या सासरहून निघाल्यापासून जया हे भांडण मनात घोळवत माहेरी आली होती. गोजाबाई, तिची आई, ओटीवर पाय पसरून तांदूळ पाखडत होती. धाकटी चंदा नव्या आरशाला फडकं मारत होती, पण कान सगळे इकडे. दसऱ्याला शहापुरात तिच्या पार्लरचं उद्घाटन होतं. फीत कापायला कोणी पुढारी नको, हार नको. आयेनं दारात उभं राहून धवळा म्हणायचा, एवढंच तिचं मागणं. पाटीसुद्धा रंगून आली होती : 'गोजाई ब्युटी पार्लर'.

"माझा नाव टाकला नाय मी, ताय. आयेचा टाकलाय," चंदा म्हणाली.

"टाकशील नाय तर काय! सगळा तिनंच केलाय तुझा."

हे मात्र खरं होतं.

गोजाबाई धवळारीण, म्हणजे लग्नातले धवळे गाणारी. आटगावच्या आसपास हळद लागली की तिला बोलावणं आलंच. मुहूर्तमेढ रोवण्यापासून नवरी बाहेर पडेपर्यंत प्रत्येक कामाचं गाणं तिच्या तोंडी. ती ओळ म्हणायची आणि मागं बसलेली दुसरी बाई तीच ओळ उचलायची. धवळा दोघींचाच. जया परकर घालायची तेव्हापासून ही मागची जागा तिची. लग्न होऊन सापगावला गेली, तरी गोजाबाईचा निरोप आला की ती मांडवात हजर. घरात तिचं असं एवढंच होतं. शाळा सुटल्यावर तिला शिवणक्लासला जायचं होतं, तर गोजाबाई म्हणाली होती, "शिवण काय, सासरी शिक." सासरी मशीन नव्हती.

आणि मग सत्त्याण्णव साली चंदा म्हणाली, "मला पार्लरचा कोर्स कराचाय, कल्याणला."

जयाला वाटलं, आता हिलाही तेच ऐकायला मिळणार. गोजाबाई म्हणाली, "चल. मी येते सोबत."

तरण्या पोरीनं एकटं कल्याणला जावं, हे गावाच्या पचनी पडणारं नव्हतं. म्हणून गोजाबाई लोकलनं तिच्याबरोबर जायची आणि क्लास सुटेपर्यंत बाहेरच्या जिन्यावर बसून राहायची. घरी आल्यावर चंदाला हात बसवायला तोंड हवं होतं. गावातली एकही बाई बसेना. गोजाबाई बसली. चंदानं दोऱ्यानं तिच्या भिवया कोरल्या. एक जरा वर गेली, म्हणून दुसरीही वर न्यावी लागली. त्या हंगामात अख्ख्या पंचक्रोशीनं कायम दचकलेल्या चेहऱ्याची धवळारीण पाहिली.

"गोजे, भूत बघितला का गो?" बायका फिदीफिदी हसत.

"पोरीचा हात बसतोय. तुजी पन करून घे, नवरा घरात ऱ्हाईल."

जयाला त्या भिवयांचासुद्धा हेवा वाटला होता. आपल्यासाठी आईनं कधी असं हसं करून घेतलं?

पण खरा काटा रुतला तो गावातल्या लखमाच्या मुलीच्या हळदीत. हळदीच्या अंगाला पावडर लावायची नाही, असं नवरीच्या आजीनं ठणकावलं होतं. गोजाबाई म्हणाली, "रीत मला शिकवतेस? हळद उतरली का लावतात." धवळारणीच्या शब्दापुढे कोण बोलणार? चंदानं नवरी सजवली. नवरी पाटावर आली आणि गोजाबाईनं धवळ्यातली कारागिरांची ओळ धरली. कुंभारानं मडकी घडवली, बुरडानं सुपं विणली, कासारानं चुडा भरला. जया मागून ओळ उचलत होती. आणि कासाराच्या पाठोपाठ आईच्या तोंडून आलं :

"नवरी नटवली गो नटवली, आमच्या चंदानं नटवली."

जयाला मागून ती ओळ उचलवेना. धवळा मध्ये तुटणं म्हणजे अपशकुन. गोजाबाईनं तीच ओळ पुन्हा म्हटली, अंमळ मोठ्यानं. तरी मागं गप्प. मग तिसऱ्यांदा, मांडव दणाणेल अशी. तेव्हा कुठं जयानं ती कशीबशी उचलली.

"कासाराचा कधी नाव घेतात का गो?" आजी कुरकुरली. "चंदाचा कसा घेतलास?"

"कासार काय माझ्या पोटचा हाय?"

बायांना मात्र वाटलं, ही नवीनच चाल. त्यांना ती आवडली. पुढच्या मांडवात कोणी तरी म्हणालं, "ती तीनदावाली घे ना." तेव्हापासून प्रत्येक हळदीत चंदाचं नाव तीनदा. मुरबाडपर्यंतच्या बाया विचारू लागल्या, ही चंदा कोण? आणि जया पाच-सहा वर्षं मागं बसून ते नाव गात राहिली.

"मी गप झाले म्हणून तुझा नाव झाला," जया आता चंदाला म्हणाली. "मला काय भेटला?"

"मग मी काय करू? पाटीवर तुझा पन नाव टाकू?"

"नको तुझी भीक!"

"भीक नाय, ताय. आये नसती तर मी आज भात लावत असती. येवढा तरी मानू दे ना मला. तुला आये काय फक्त माझी वाटते?"

"वाटते. मांडवात माझा नाव घेतला तिनं कधी?"

सुपाचा आवाज थांबला. गोजाबाईनं जयाकडे पाहिलं.

"तू तर माझ्या मागंच असायची," ती म्हणाली. "मागच्या बाईचा नाव कोन घेतो गो?"

"तेच तर!"

गोजाबाई उठली. पदरावरचा कोंडा झटकला.

"मग दसऱ्याला तू म्होरं गा. मी मागं धरते."

"आये!" चंदाच्या हातातलं फडकं खाली पडलं. "लोक तुला ऐकाया येतील. तायला कोन वळखतो? माझ्या दुकानाचा पयला दिवस हाय तो!"

"गप बस. तुझ्या आधीपासून गातेय ती."

चंदाचा चेहरा पडला. डोळ्यांत पाणी आलं, ओठ लहान पोरीसारखे वाकडे झाले. जयानं तो चेहरा निवांत पाहून घेतला. बरं वाटलं. मग तितकं बरं वाटेना.

"कुनाचा नाव घ्याचा, कुनाचा नाय, म्होरं गानारीच्या हातात असतो," गोजाबाई म्हणाली. "मी जो ऐकीन तो उचलीन. बोल, येशील?"

चंदा तायच्या तोंडाकडे पाहत राहिली. गोजाबाईसुद्धा.

जयानं पिशवी काखेत मारली, ओटीच्या पायऱ्या उतरली आणि मागं न बघता सापगावच्या रस्त्याला लागली. कासारापुढच्या ओळीत कुणाचं नाव घालायचं, हे ती चालता चालता गुणगुणून बघत होती.