वरच्या मजल्यावर चोरलेला 'नाय'

वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं मला फसवलं. न विचारता माझा आवाज घेतला.

माणूस तसा गरीब. बोलताना बोटं हवेत वाजवतो, वाक्य अर्ध्यावर सोडतो. त्याच्याकडं कॉम्प्युटरला जोडलेला, पेटीसारखा वाजवायचा छोटा कीबोर्ड आहे. त्या कीबोर्डला स्वतःचा आवाज नाही. भराल तो आवाज त्यातून निघतो. परवा दुपारी त्यानं मला वर बोलावलं.

"भाऊ, रागावू नका, हं... फक्त ऐका..."

त्यानं पट्टी दाबली आणि कीबोर्डमधून मीच ओरडलो, "नाय!" जिन्यात उभा राहून पाचोडच्या व्यापाऱ्याशी फोनवर शेळ्यांचा सौदा करताना ओरडतो, तोच; यानं वरून गुपचूप टिपलेला. मग त्यानं तो लांबवला, खालच्या सुरात नेला, एकावर एक ठेवला. हर्सूलच्या तलावावर धुकं उतरावं तसा माझा राग खोलीत पसरत गेला. त्याची तान्ही पोरगी रडायची थांबली आणि झोपली.

"लई गोड आवाज आहे, भाऊ, तुमचा..."

आता बाजारात "नाय" म्हणायला गेलो की ती धून आठवते. आवाज मऊ पडतो, व्यापारी हसतात. याच आवाजावर मी धंदा उभा केलाय. त्यानं खाली यावं आणि जबाब द्यावा: पुढच्या बाजारी मी शेळ्या घेऊ की अंगाई म्हणू?